तू तिथून काय करणार होतीस?

2025 च्या उन्हाळ्यात आमच्या वाटणीचा पाऊसही वाईलाच पडला असावा. दादा मे महिन्यात फोनवर सांगत होता, छत्र्या माळ्यावरून काढल्या, आंबा गेला, पेट्यांचं यंदा नाव काढू नका. 26 मेला मान्सून मुंबईत पोचला, 75 वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. आणि इथे लेस्टरला आम्ही दोघं म्हातारे सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन मेथीच्या वाफ्यापाशी उभे. शंभराहून जास्त वर्षांत इंग्लंडचा वसंत ऋतू इतका कोरडा गेला नव्हता. पुढे जून, जुलै आणि ऑगस्ट मिळून हिशेब झाला तेव्हा कळलं, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा ब्रिटनचा हा सगळ्यात गरम उन्हाळा. हिरवळ जूनमध्येच पिवळी पडली. मागच्या अंगणातल्या चिकणमातीला बोट जाईल अशा भेगा गेल्या. वर यॉर्कशायरमध्ये 11 जुलैपासून पाइपने बागेला पाणी घालायला बंदी झाली. आमच्याकडे बंदी नव्हती, पण हे सांगलीचे. पाणी धुण्याचं असो नाहीतर तांदळाचं, मोरीत ओतलेलं ह्यांना पाहवत नाही.

आम्ही दोघंही निवृत्त. मी इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते, हे कौन्सिलमध्ये रस्त्यांचे इंजिनिअर. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात ब्रिस्टलला. माझं माहेर वाई, भाची पुण्यात, ह्यांचे भाऊ अजून सांगलीत. नोकरीत होतो तेव्हा बातम्या शनिवार-रविवारच्या असायच्या. आता रोजच्या झाल्या. उन्हाळ्यात घड्याळात साडेचार तासांचं अंतर असतं. आमचा सकाळचा आठचा चहा म्हणजे वाईची साडेबाराची वेळ, वहिनीच्या पोळ्या चाललेल्या, तेव्हाच सगळं बोलून होतं. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. त्या वेळी तिकडे दोन वाजलेले, गाढ झोप. म्हणून संध्याकाळचा हा लांबलचक उजेड आम्ही बागेतच घालवतो. फोन वाजणार नाही अशी खात्री असते. वाजलाच, तर तो कशासाठी असेल हेही माहीत असतं.

बागेतली बातमी मात्र आम्हाला सगळ्यांच्या आधी कळते. मे महिन्यात कुंपणावरच्या आयव्हीत ब्लॅकबर्डने घरटं केलं. ब्लॅकबर्ड म्हणजे आपल्या पसरणी घाटात पहाटे शीळ घालणाऱ्या कस्तुराची आठवण करून देणारा पक्षी. नर काळाभोर, चोच पिवळीधमक, डोळ्याभोवती पिवळं कडं. मादी तपकिरी, नजरेत न भरणारी. अंडी उबवायला ती एकटीच बसते, तेरा-चौदा दिवस. पिल्लं बाहेर आली की घरट्यात पुन्हा तेवढेच दिवस. एरवी हा पक्षी हिरवळीवर दोन उड्या मारतो, थांबतो, मान तिरकी करतो आणि गांडूळ उपसून काढतो. यंदा जमीन दगड झालेली, गांडुळं खोल गेलेली. नर उड्या मारायचा, मान तिरकी करायचा आणि चोच रिकामीच.

ह्यांनी रबार्बच्या शेजारचा हातभर तुकडा त्याच्यासाठी राखून ठेवला आणि तो रोज संध्याकाळी भिजवायला सुरुवात केली. चार-पाच दिवसांत नराला झारी ओळखता यायला लागली. हे नळापाशी गेले की तो कुंपणावर येऊन बसायचा. शिवाय बशीत भिजवलेले बेदाणे. सांगलीचे, डब्यात जपून ठेवलेले, जे मला शिऱ्यात घालायलासुद्धा मोजून मिळतात. त्या बेदाण्यांवर इंग्लंडमधलं एक कुटुंब पोसलं गेलं याची सांगलीत कुणाला कल्पना नसेल.

मग एका सकाळी पिल्लू खाली आलेलं. या पक्ष्याचं हे असंच असतं, पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. रबार्बच्या पानाखाली ते बसलं होतं. शेपटीच्या जागी नुसता खुंट, डोक्यावर उरलेली लव, चोचीच्या कडा अजून पिवळ्या आणि मऊ. माझ्यापासून हातभर अंतरावर. पापणी खालून वर येऊन मिटत होती तेही दिसत होतं. शेजारणीचं मांजर कुंपणावरून फिरतं हे मला माहीत होतं. उचलून खोक्यात ठेवावं, कापूस घालावा, असं हाताला फार वाटतं. पण पक्ष्यांची काळजी वाहणाऱ्या इथल्या सगळ्या संस्था एकच सांगतात, हात लावू नका. ते टाकलेलं नसतं. बाप जवळपास असतो. फार तर मांजराच्या वाटेतून उचलून झुडपात ठेवा आणि दूर व्हा. मी दूर झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. बाप खरंच आला, चोचीत तीन अळ्या एकदम, आणि पानाखाली शिरला. आई तिथे नव्हती. ती तोवर कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला नव्या घरट्यासाठी चिखल नेत होती. चिखलही आमच्याच हातभर तुकड्यातला, दुसरीकडे ओली माती होतीच कुठे! पहिल्या विणीचं बापाने बघायचं, आईने दुसरीच्या तयारीला लागायचं. असं कामाचं वाटप मी आमच्या पिढीत तरी पाहिलं नाही.

हा सगळा वृत्तान्त जूनच्या पहिल्या आठवड्यात मी दादाला व्हिडिओवर रंगवून सांगत होते. त्याने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, म्हणून चौकटीत तो अर्धा आणि टेबल पूर्ण दिसत होतं. अडकित्ता, चष्म्याचं घर, वर्तमानपत्र आणि त्यावर गोळ्यांचं एक खोकं. आयुष्यभर मी ज्या खोक्यांवरची नावं वाचली, ती मला चष्म्याशिवायही वाचता येतात. क्लोपिडोग्रेल 75. बाजूला ॲस्पिरिनची पट्टी. माझं पिल्लाचं बोलणं तसंच राहिलं.

"दादा, स्टेंट कधी घातला?"

तो गप्प. मागून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"गोळ्यांनी."

मग वहिनी पदराला हात पुसत चौकटीत आली. "वन्सं, तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही हो." गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात छातीत दुखलं, पुण्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, चार दिवसांत घरी आणलं. एप्रिलमध्ये त्याच्या फोनचा कॅमेरा बिघडला होता तो असा! त्या दिवसांत माझ्याशी तो नुसत्या आवाजाने बोलायचा. कृष्णेच्या घाटावर फिरायला गेलो होतो, म्हणून सांगायचा. पुण्यातल्या भाचीला माहीत होतं, सांगलीत माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. मला नव्हतं.

मी बोलले असेन बरंच काही. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण कळलं असतं तर तू तिथून काय करणार होतीस?"

हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो, आणि विचारणारा खाष्ट नसतो, प्रेमळच असतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. ज्याला धावून येता येतं त्याला बातमी सांगायची. ज्याला येता येत नाही त्याला ती कशाला? त्याने तिथे नुसतं तळमळायचं. या हिशेबात बातमी म्हणजे कामाचा निरोप. काम सांगता येत नसेल तर निरोप कशाला पाठवायचा?

ह्यांचं मत माझ्याइतकं कडक नाही. रात्री अंगणात बसलो होतो तेव्हा हे म्हणाले, "अगं, आपल्या वेळेला तरी काय वेगळं होतं?" खरं आहे, तेव्हाही उशीरच होता. ऐंशीच्या दशकात ह्यांचे वडील गेले तेव्हा सांगलीहून ट्रंक कॉल आला आणि त्यानंतर काही दिवसांनी निळं एअरोग्राम आलं. अंत्यसंस्कार उरकलेले, आणि पत्रात सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं, बाबांना आज जरा बरं आहे, पेज घेतली, तुम्ही काळजी करू नये. ते पत्र ह्यांनी अजून ठेवलंय. पण तो उशीर टपालाचा होता. सासूबाईंनी ज्या दिवशी जे होतं ते त्याच दिवशी लिहून पेटीत टाकलं होतं. आता पत्राची वाट नाही, कॉलला पैसे नाहीत, चेहरा दिसतो, आणि तरी बातमीला दोन महिने लागले. हा उशीर माणसांनी घातलेला. टपालावर कधी रागावता आलं नाही, माणसांवर येतं.

चांगल्या बातम्यांना मात्र काही अडथळा नसतो. भाचीला मुलगा झाला तेव्हा बाळाचा फोटो ग्रुपवर पडला, तोही बाळाला नीट पुसायच्या आधी. वजन, वेळ, नाक कुणासारखं, सगळं. आमच्याकडे पहाट होती. हे चहा टाकायच्या आधी मावळे आजोबा झाले. मग माझ्या लक्षात आलं, भाचीला नववा महिना लागल्यावर रक्तदाब वाढला होता, ते मात्र बारशाच्या वेळी कळलं.

12 जूनला उलटं घडलं. इथल्या घड्याळात सकाळी नवाच्या पुढे अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेलं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. विमानात लेस्टरची माणसं होती. आमच्या गल्लीत निम्मी घरं गुजराती. त्या दिवशी त्या घरांत फोनची दुसरी घंटा वाजली नसेल, पहिलीलाच उचलले जात होते. आम्हालाही वाईहून, सांगलीहून, पुण्याहून फोन. तुम्ही घरी आहात ना? आम्ही कुठे जाणार होतो! पण वहिनीने तासाभरात दोनदा विचारलं. ती तिथून काय करणार होती, असं मी तिला विचारलं नाही. समोरच्या घरातल्या बाईंच्या माहेरचं कुणी त्या विमानात होतं. मी पिठलं-भात नेऊन दिला. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, आणि मला आत बोलावून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

जुलैत नात आठवडाभरासाठी राहायला आली आणि अंगणाचा कारभार रात्रपाळीवर गेला. कारण हेजहॉग. साळिंदराची धाकटी आवृत्ती असावी असं दिसणारा हा प्राणी साळिंदराचा कुणीही लागत नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतो आणि भुंगेरे, सुरवंट, गोगलगायी खातो, म्हणजे मेथीच्या बाजूचा आहे. ब्रिटनमध्ये तो इतका कमी झालाय की 2020 मध्ये सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याचं नाव गेलं. एक कारण आमच्यासारख्यांची कुंपणं. त्याला एका रात्रीत मैल-दीड मैल हिंडायचं असतं आणि प्रत्येक घराने आपली सीमा सिमेंटच्या फळीने बंद केलेली. उपाय सोपा आहे, कुंपणाच्या तळाशी 13 सेंटिमीटरचं चौकोनी भोक. ह्यांनी आयुष्यभर लोकांसाठी रस्ते केले, निवृत्तीनंतरचा हा पहिला. शेजारीण नव्वदीच्या घरातली इंग्रज बाई, तिने आपल्या बाजूचं कुंपण कापायला आनंदाने परवानगी दिली. लहानपणी ती हेजहॉगसाठी ब्रेड आणि दुधाची बशी ठेवायची. तेव्हा सगळेच ठेवायचे. दूध त्याला पचत नाही, पोट बिघडतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. आम्ही पसरट भांड्यात पाणी आणि थोडं मांजराचं खाणं ठेवतो. शाकाहारी घरात मांजराच्या खाण्याचे डबे आले ते असे. ते वरच्या फळीवर, लोणच्यापासून लांब.

हेजहॉग दिसायच्या आधी ऐकू येतो. फुसफुस, मचमच, मध्येच घोरल्यासारखं. ह्यांनी त्याचं नाव घोरपडे सरकार ठेवलं. एका रात्री सरकार एका मादीभोवती गोल गोल फिरत होते. ती जागच्या जागी वळत, फुत्कारत त्यांना तोंड देत होती, आणि हा प्रकार तासभर संपेना. नातीने विचारलं, "आजी, ते भांडतायत का?" ह्यांनी उत्तर माझ्यावर सोपवलं आणि कॅमेऱ्याची बॅटरी बघायला गेले.

त्याच आठवड्यात सरकार भरदुपारी हिरवळीवर झोकांड्या खाताना दिसले. ब्लॅकबर्डच्या पिल्लाला हात लावायचा नसतो, पण हेजहॉग दिवसा उघड्यावर असा दिसला तर थांबायचं नसतं. तो आजारी असतो. जाड हातमोजे, उंच खोकं, टॉवेल, आणि हेजहॉगची शुश्रूषा करणाऱ्या बाईंना फोन. त्या येऊन घेऊन गेल्या. अंगातलं पाणी कमी झालं होतं, जंतही होते. काही दिवसांनी त्यांनी त्याला परत आणून आमच्याच भोकापाशी सोडला. तोवर नात रोज सकाळी त्यांना फोन करून विचारायची. वजन किती? खाल्लं का? त्या बाई तिला रोज ग्रॅममध्ये खरं खरं सांगायच्या. एक दिवस वजन उतरलं होतं, तेही सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला. तिने ऐकून घेतलं, तोंड एवढंसं झालं, मग वहीत आकडा लिहिला.

नातीला न्यायला मुलगा आला तेव्हा जेवताना म्हणाला, "आई, नवी नोकरी लागली." नवी म्हणजे? जुनी मे महिन्यातच गेली होती. "आता लागलीय, म्हणून सांगतोय." वाईला मोठा भाऊ, ब्रिस्टलला मुलगा, दोघांची भाषा एकच, काळजी नको. मधल्या मध्ये आम्ही दोघं वाकून मेथीला पाणी घालत होतो. मी त्याला आणखी आमटी वाढली आणि मग सुनावलं. क्रम बरोबर होता असं मला अजून वाटतं.

बागेतल्या पाकोळ्यांचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे देवळांच्या गाभाऱ्यांत आणि किल्ल्यांच्या दरवाजांत दिसतात त्यांच्याच कुळातली ही जात मेच्या सुरुवातीला आफ्रिकेतून इथे येते, जुन्या घरांच्या वळचणींत वीण घालते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जाते. खाणं, पिणं, झोपणं सगळं उडता उडता. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की यातले काही पक्षी वर्षाचे दहा महिने कुठेही टेकत नाहीत. 2021 पासून ब्रिटनच्या पक्ष्यांच्या लाल यादीत यांचंही नाव आहे. ह्यांनी त्यांच्यासाठी छपराखाली लाकडी खोकं लावलं, त्यांना बोलावायला त्यांच्याच आवाजाची टेप रोज सकाळी वाजवली. खोक्यात चिमण्यांनी बिऱ्हाड मांडलं. पाकोळ्या शेजारणीच्या मोडक्या वळचणीत, जिथे कुणी काही केलं नव्हतं. पुढे पिल्लं तयार झाली की ती एकटीच निघतात. आई-बाप वाट दाखवत नाहीत. एकदा सुटलेलं पिल्लू पुढची दोन-तीन वर्षं जमिनीला पाय लावत नाही.

4 ऑगस्टला ओव्हलवर आपण 6 धावांनी कसोटी जिंकली आणि मालिका बरोबरीत सुटली. ह्यांनी दादाला फोन लावला आणि दोघे अर्धा तास ओरडत होते. मी दादाला म्हटलं, हळू, स्टेंट आहे. त्या दिवशी संध्याकाळी वर आकाशात पाकोळ्या होत्या. आठवडा संपेपर्यंत नव्हत्या.

पाकोळ्यांसाठी आम्ही काय करू शकलो? काही नाही. पिल्लासाठी? खिडकीतून बघितलं. तरी ती आली कधी, गेली कधी, दुसऱ्या विणीतली किती जगली (दोन), हे आम्हाला माहीत हवं होतं आणि ते माहीत असल्याने आमचा उन्हाळा भरल्यासारखा गेला. काही करता येत नाही म्हणून पडदा ओढून बसावं असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. मग सख्ख्या भावाच्या बाबतीत तसं का वाटावं? दादा ऑपरेशन टेबलावर होता त्या तासाला मी कदाचित इथे गुलाब छाटत असेन. मला तो तास दादाच्या नावाने घालवायचा होता. नुसतं बसून. देवापुढे दिवा लावून, किंवा न लावता. तो माझा होता आणि मला तो कुणी दिला नाही. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तसं आमच्या लक्षातच आलं नाही हो." तिच्यावर माझा राग नाही. पण लक्षात यायला हवं.

तेव्हा वाई, सांगली, पुणे आणि ब्रिस्टल इथल्या आप्तांना, आणि ज्यांचं कुणी परदेशात आहे अशा वाचकांनाही, ही विनंती. ॲडमिट केलं की कळवा, डिस्चार्जची वाट बघू नका. नोकरी गेली की कळवा, दुसरी लागल्यावर नव्हे. ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकून मोकळं होऊ नका, फोन करा आणि आमच्याकडे किती वाजले हे बघू नका. आम्ही इथून काही करणार नाही आहोत. तरी कळवा.